पितृपक्षातला टायर

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड एका मोटारसायकलचे होतात. हे मी तक्रार म्हणूनच लिहिते आहे, कारण तोंडाने केलेली तक्रार ह्या घरात हवेत विरून जाते. शिवाय मला बोलायला जमत नाही. घरात जमतं, पण बाहेरची दोन माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहायला मात्र चौथीपर्यंतच्या शाळेने शिकवलं, ते अजून पुरतं आहे.

हे वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात होते. रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, आता देवदर्शन करू, गावचं घर शाकारू. ह्यांनी शहाडहून एका पोराची वापरलेली मोटारसायकल आणली. साधी नाही. लांबलचक, बसायला खाली, हँडल वर, आणि चालवणाऱ्याचे पाय पुढे, आरामखुर्चीत बसल्यासारखे. हे तिला क्रूझर म्हणतात. मी लांब गाडी म्हणते.

"तरुणपणापासून मनात होती गं," असं म्हणाले तेव्हा मी तांदूळ निवडत राहिले. माझ्याही मनात तरुणपणापासून पुष्कळ आहे. त्यातलं काहीच दोन चाकांवर दारात आलं नाही.

डोंबिवलीच्या आमच्या गल्लीत ती गाडी एका दमात वळत नाही. पुढे जा, मागे ये, पुन्हा पुढे जा. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत येऊन बघतात आणि मी मागच्या सीटवर डबे मांडीत घेऊन पदर डोळ्यांवर ओढते. गाडीला मागे टेकायला लोखंडाची पाठ आहे. "बघ, खास तुझ्यासाठी," असं हे सगळ्यांना सांगतात. ती पाठ गाडीला आधीपासून होती.

रविवारी गाडीची सेवा असते. चेनला तेल द्यायला माझी जुनी साडी फाडतात. तारांच्या काड्या घासायला दात घासायचे ब्रश जमा करतात. एकदा चकचकीत भागांना मी देवाची पितळी भांडी घासते ती पावडर लावली आणि गाडीवर ओरखडे उठले. तर म्हणाले, "तुझी पावडरच खराब." काळं झालेलं ऑइल माझ्या तुपाच्या रिकाम्या डब्यात काढलं. तो डबा मी अजून शोधते आहे, कारण ह्यांनी तो धुऊन परत फडताळात ठेवला असं म्हणतात, आणि फडताळात असे डबे पुष्कळ आहेत.

पण खरं सांगायचं ते टायरचं.

माझं काम वर्षभर थोडंथोडं चालतं, पण पितृपक्ष आला की उसंत नसते. लोकांना घरी श्राद्धाचा स्वयंपाक करायला आता वेळ नसतो, माणूस नसतं. मी करते. वडे, तांदळाची खीर, काळ्या वाटाण्याची उसळ, गवार, भोपळा, अळूवडी, आमसुलाची चटणी, कढी. डोंबिवलीतली घरं असतात आणि ठाण्यातलं एक. ठाण्यातलं घर खोपटला आहे, तिथे एक म्हातारी आजी आहे. सर्वपित्री अमावास्येला त्यांचं पान असतं. फोनवर बोलणं ह्यांचं, डबे वर नेऊन देणंही ह्यांचं. मी खाली गेटबाहेर गाडीजवळ उभी राहते. मला ते बरं वाटतं. फोनवर त्या घरच्या सुनेने एकच गोष्ट ह्यांना बजावून सांगितलेली: "काका, बारा वाजायच्या आत आणा. सासूबाई पान ठेवल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि त्यांना साखर आहे. मागे एकदा चक्कर येऊन पडल्या होत्या."

तेव्हापासून सर्वपित्रीच्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर ती न पाहिलेली आजी बसलेली असते, पाण्याशिवाय.

त्या वर्षी गणपतीतच मागचा टायर गेला होता. गेला म्हणजे फुटला नव्हता, झिजला होता. नक्षी म्हणून राहिली नव्हती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो मेकॅनिक आहे त्याने ह्यांच्यादेखत मला सांगितलं, "काकी, काकांना समजवा. हा टायर आता फक्त शोभेला आहे."

हे म्हणाले, "गणपती होऊ दे."

टायर पटकन मिळणाराही नव्हता. साध्या गाडीचं चाक सतरा-अठरा इंचांचं, ह्या बाईसाहेबांचं मागचं चाक पंधराचं आणि रुंद. हे दुपारभर फोन लावून बसायचे. "एकशेतीस, नव्वद, पंधरा. हो हो, पंधराच. नाही? बरं." पुन्हा दुसरा फोन. "एकशेतीस, नव्वद, पंधरा." भजन पाठ व्हावं तसे ते आकडे मला पाठ झाले. शेवटी ठाण्यातल्या एकाने मागवून देतो म्हटलं, तर हे म्हणाले, "गणपती गेले की येतो." गणपती गेले. दुसऱ्या दिवशी मी आठवण करून दिली.

"आज? आजपासून पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवीन वस्तू घेतात का कधी?"

मी वड्यांचं पीठ मळत होते. हात थांबला.

"कालपर्यंत काय झालं होतं?"

"काल विसर्जनाची गडबड."

"परवा तुम्ही चपला आणल्यात."

"त्या गणपतीत आणल्या. आणि जुन्या तुटल्याच होत्या."

"मग टायर काय लग्नाला निघालाय? तोही तुटलाच आहे."

"तुटलेला नाही, झिजलेला आहे."

"आणि सकाळी गॅसचं सिलिंडर आलं ते?"

"ते नवीन कुठे? रिकामं होतं, भरून आलं."

अशा माणसाशी काय बोलणार? माझ्या माहेरी कोकणात पितृपक्षात कोणी नवं कापड घेत नाही, घर बघायला जात नाही, हे मलाही ठाऊक आहे. मीही पाळते. पण नियम पाळण्यातही माणसाने थोडं डोकं वापरावं. रोज मला आणि दुसऱ्याच्या वाडवडिलांच्या जेवणाला मागे बसवून हे त्या गुळगुळीत टायरवर डोंबिवलीभर हिंडणार होते.

दोन दिवसांनी हे संध्याकाळी घरी आले ते शीळ वाजवत. "झालं काम," म्हणाले.

मी खिडकीतून खाली पाहिलं. मागचा टायर काळाभोर चमकत होता.

"घेतलात? बरं केलंत. पितर काही रागवायचे नाहीत."

"नवीन नाही घेतला," हे म्हणाले, आणि एखादं कोडं सोडवल्यासारखे माझ्याकडे बघून हसले. "जुना घेतला. वापरलेला. वागळे इस्टेटला एक जण विकतो. नवीन वस्तू नको ना? मग जुनी घ्यायला कुठे हरकत आहे?"

मी खाली गेले. खाली जाऊन वाकून बघितलं. वरून पॉलिश मारलेलं होतं, पण बाजूला बारीक बारीक भेगा होत्या, पावसाळ्याआधी माझ्या टाचांना पडतात तशा.

"ह्याला भेगा आहेत."

"तुला टायरमधलं काय कळतं?"

"टाचेतलं कळतं."

"नक्षी बघ, नक्षी! अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. पितृपक्ष सहज निघेल, मग घटस्थापनेला नवा बसवू. मुहूर्त पण उत्तम."

म्हणजे एका टायरच्या जागी दोन घ्यायचे, चाक दोनदा काढायचं, आणि त्याला हे शहाणपण म्हणणार. मला त्या रात्री इतका वैताग आला की मी भोपळा चिरताना बोटच चिरून घेतलं. पट्टी बांधून उरलेला भोपळा ह्यांच्याकडून चिरून घेतला. तुकडे सगळे वेगवेगळ्या मापाचे.

पितृपक्ष तसा निघाला. डोंबिवलीतली घरं झाली. मी दरवेळी गाडीवर बसताना टायरकडे बघायची आणि हे दरवेळी म्हणायचे, "काय म्हणाल्या टाचा?"

सर्वपित्रीला पहाटे उठून सगळं केलं. खिरीत वेलची घातली, वडे तळून कपड्यावर पसरून गार केले म्हणजे डब्यात घाम धरत नाहीत. लिंबं चिरली नाहीत, अख्खीच ठेवली. दोन पिशव्या मांडीवर, एक पुढे ह्यांच्यासमोर टाकीवर. मोठागावचा पूल ओलांडून माणकोलीला हायवेला लागलो. हे खुशीत होते. "बघ कशी पळतेय. साडेदहाला खोपट."

खारेगावच्या अलीकडे गाडीचं मागलं अंग डोलायला लागलं. आधी मला वाटलं, हेच मजा करताहेत. मग ह्यांचे खांदे आखडलेले दिसले. गाडी कशीबशी कडेला घेतली. मी उतरले आणि पाहिलं तर टायर रस्त्याला लोळत होता.

मी काही बोलले नाही. इतकी वर्षं संसार केल्यावर कधी न बोललेलं जास्त लागतं ते मला कळतं. ह्यांनाही लागलं.

"पंक्चर आहे फक्त," हे म्हणाले. "बघ, तिथे पुढे दिसतोय पंक्चरवाला."

ते गाडी ढकलत, मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, असे आम्ही हायवेच्या कडेने गेलो. ट्रक अंगावरून जावेत तसे जात होते. पंक्चरवाल्याने ताडपत्रीखालून मान काढून चाक बघितलं.

"ट्यूबचं आहे, काका. ह्याला नुसती काडी मारून नाय भागत. अख्खं चाक काढायला लागेल. चेन सोडा, ब्रेक सोडा. वेळ जाईल."

"काढ," हे म्हणाले.

त्याने चाक काढलं, टायर उचकटला, आत हात फिरवला आणि हसायलाच लागला. "काका, हे बघा काय! टायर आतून फाटलेला, त्याला दुसऱ्या टायरचा तुकडा चिकटवलाय. तो घासून घासून ट्यूबची चाळण झाली. नवीन ट्यूब टाकली तरी चार किलोमीटर नाय जाणार. कोणी टोपी घातली तुम्हाला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तू टाक तरी ट्यूब," म्हणाले. "हळू हळू नेतो."

अकरा वाजून गेले होते. खीर उन्हात होती. आणि मला सारखी ती आजी दिसत होती, कोरड्या ओठांची.

"अहो, मी रिक्षाने पुढे जाते."

"तू? एकटी? तुला घर कुठे माहीत आहे?"

"बिल्डिंग माहीत आहे."

"थांब गं, दहा मिनिटांत—"

"तुमची दहा मिनिटं गणपतीपासून चालू आहेत," मी म्हणाले, आणि हायवेवर उभी राहून हात केला. कधी रिक्षाला हात केला नव्हता असं नाही, पण हे बरोबर असताना त्यांच्या आधी केला नव्हता.

रिक्षात बसल्यावर आठवलं, मजला माहीत नाही. फोन लावला. ह्यांचा फोन माझ्याच पिशवीत, वड्यांच्या डब्याखाली वाजायला लागला. मी दोन्ही फोन हातात धरून बसले. सुनेचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये असेल, पण त्याला कुलूप, आणि ते कुलूप मला येत नाही. मला ह्या सगळ्याचा इतका राग आला की रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "मावशी, काय झालं? कोणी भांडलं?"

खोपटला बिल्डिंगच्या गेटमध्ये वॉचमन उभा. मी अशी गेटच्या आत पहिल्यांदाच जात होते.

"किस के यहाँ जाना है?"

मला त्यांचं आडनावही धड ठाऊक नाही. ह्यांना ठाऊक. मी म्हणाले, "ज्यांच्याकडे आज पान आहे."

"आंटी, आज तो सब के यहाँ है."

माझ्या मागे एक बाई लिफ्टसाठी आल्या, एक माणूस आला. सगळे थांबले, माझी जीभ टाळूला. घाम कानामागून वाहायला लागला. पिशव्या खाली ठेवायच्या नव्हत्या, श्राद्धाचं अन्न जमिनीवर कसं ठेवणार? मग एकदम सुचलं ते बोलून टाकलं.

"वो लंबी गाडी. हँडल ऐसा ऊपर. हमारे ये लेके आते हैं, डब्बा."

"अरे, वो फटफटीवाले काका!" वॉचमनचा चेहराच उजळला. "दिवाळी में भी आये थे. चौथा माला, लेफ्ट में. काका किधर है? गाडी कैसी है?"

गाडी कशी आहे! म्हणजे माणसाची ओळख राहिली नाही, जेवणाची राहिली नाही, ओळख राहिली त्या लांब गाडीची. आणि तिच्याच जिवावर मी चौथ्या मजल्यावर पोचले. चिडावं की हात जोडावेत, मला तेव्हा कळलं नाही आणि अजून कळत नाही.

दार सुनेने उघडलं. "अगं बाई, आलं का? किती वाट बघतोय! काका नाही आले? तुम्ही त्यांच्याकडे कामाला का?"

मी म्हणाले, "हो."

दुसरं काय म्हणणार होते? उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगायचं म्हणजे फार बोलावं लागलं असतं. आतल्या खोलीत पलंगावर आजी बसल्या होत्या. मी मनात बघायची त्याहून लहानखुऱ्या होत्या, हिरवं लुगडं, हातात काठी. सुनेने घाईघाईने पान वाढलं, आजींचा मुलगा ते गच्चीवर घेऊन गेला. तोवर आजी माझ्याकडे बघत होत्या. बोटावर चिरल्याची खूण, मनगटावर तेल उडालेले डाग, नखांना हळद.

"सूनबाय," त्या म्हणाल्या, "कामाला बिमाला काय नाय. रांधणारी हीच हाय. हे वडे बाप्याच्या हातचे नाय, मना पयल्या वर्षीच समजला होता."

सून ओशाळली. मी खाली बघत राहिले. मुलगा वरून आला, म्हणाला, "कावळा शिवला." मग आजी पाणी प्यायल्या. मी ते पाणी त्यांच्या घशातून उतरताना बघितलं, आणि मला बसावंसं वाटलं.

"जेव गो बाय," आजी म्हणाल्या. "आज दारातून कोणाला उपाशी नाय पाठवीत."

आयुष्यात पहिल्यांदा माझं रांधलेलं मला कोणी वाढलं. कढीला मीठ जरा कमी होतं. कोणी बोललं नाही.

जेवता जेवता आजींनी उशीर कसा झाला ते विचारलं. मी सांगायला लागले आणि काय झालं कोण जाणे, सगळंच सांगून टाकलं. गणपती, पितृपक्ष, सिलिंडर, जुना टायर, आतला तुकडा. सून पोट धरून हसली. आजी हसल्या नाहीत. घास चावून झाल्यावर म्हणाल्या,

"माझा दादला पितृपक्षातच गेला. तवा नवा मडका आणला, नवा कापड आणला, नव्या बांबूची तिरडी बांधली. तवा कोण नाय बोलला, पितृपक्ष हाय, नवा नको आणू." मग पाण्याचा आणखी एक घोट घेतला. "त्याच्या परीस टायर आणलेला बरा."

मी हात धुतले, सुनेने पानाचे पैसे हातात ठेवले आणि निघाले. रिकामे डबे खडखडत होते. त्या घरातून उतरले तेव्हा माझं ठरलं होतं.

एसटी डेपोच्या बाजूला टायरची दुकानं आहेत. पहिल्या दुकानाच्या पायरीशी मी बराच वेळ उभी होते. आत सगळे पुरुष. शेवटी मी आकडेच म्हणाले, कारण माझ्याजवळ तेवढेच होते.

"एकशेतीस, नव्वद, पंधरा."

"पंधराचा नाही, ताई. समोर विचारा."

समोर विचारलं. तिथल्या माणसाने मान वर करून माझ्यामागे कोणी आहे का ते बघितलं. "मिस्टर गाडीजवळ आहेत का? कुठली गाडी?"

"लांब गाडी. तारांचं चाक. ट्यूब पण द्या."

बराच शोधून त्याने माळ्यावरून एक टायर काढला. मी त्याला नारळ बघतात तसा सगळीकडून दाबून पाहिला, नख लावून पाहिलं, बाजूला भेगा आहेत का ते उजेडात धरून बघितलं. आत हात घालून सगळीकडे फिरवला. दुकानदार बघतच राहिला.

"ताई, नवीन आहे."

"नवीनच पाहिजे," मी म्हणाले.

टायर मांडीवर घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, ह्याचं पण भाडं लागेल, मुलापेक्षा जाड आहे." मीही म्हणाले, "मुलापेक्षा लाडाचा आहे." असं मी बोलले. माझं मलाच नवल वाटलं.

खारेगावला हे ताडपत्रीच्या सावलीत बाकड्यावर बसले होते. चाकाविना गाडी विटांवर. नवी ट्यूब एकदा घातली होती आणि भरता भरताच गेली होती. मी रिक्षातून टायर खाली उतरवला तो घरंगळत ह्यांच्या पायाशी गेला.

"हे काय?"

"टायर."

"नवीन?"

"नवीन."

"अगं, आज सर्वपित्री! उद्या घटस्थापना आहे. उद्या सकाळी—"

"माणूस मेल्यावर पितृपक्षात नवं मडकं आणतात की नाही?" मी म्हणाले. "ते आणायला लागू नये म्हणून हा आणला."

पंक्चरवाल्याच्या हातातला पाना तसाच राहिला. ह्यांनी टायरच्या नक्षीवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "आजींचं झालं?"

"झालं. पाणी प्यायल्या."

त्यांनी मान हलवली आणि पंक्चरवाल्याला म्हणाले, "बसव बाबा."

टायर बसला. वाटलं, आता निघायचं. तर हे माझ्या पिशवीत हात घालून काहीतरी शोधायला लागले. पानाबरोबर द्यायची लिंबं, त्यातलं एक पिशवीच्या तळाशी राहिलं होतं. ते काढून ह्यांनी मागच्या चाकाखाली ठेवलं.

"हे कशाला?"

"नवीन वस्तू आहे ना. दृष्ट नको लागायला."

पितृपक्षात नवीन नको म्हणणारे हेच, आणि नवीन आली तर लिंबू ठेवणारेही हेच. लिंबू चिरडलं, रस हायवेच्या धुळीत गेला, आणि आम्ही घरी आलो. वाटेत गाडी जराही डोलली नाही.

हे लिहिते आहे तेव्हा त्या गोष्टीला वर्ष होत आलं. टायर शहाण्यासारखा चालतो आहे. पण गाडीला काहीही झालं, बॅटरी उतरली, चेन सैल झाली, आरसा निसटला, की हे हळूच म्हणतात, "शेवटी अमावास्येचा टायर." आरशाचा आणि टायरचा संबंध काय, ते विचारायचं मी सोडून दिलं आहे.

आता पुढचा टायर गेला आहे. मेकॅनिकने परत मलाच सांगितलं, "काकी, शोभेला आहे." ह्यावेळी मी वाट बघितली नाही. श्रावण लागताच एकटी खोपटला गेले आणि टायर घेऊन आले. दुकानदाराने ह्यावेळी माझ्यामागे बघितलं नाही. मला वाटलं, श्रावणात घेतला, आता पितृपक्षात नवीन घेतला असं कोणी म्हणू शकणार नाही.

टायर स्वयंपाकघरात दाराआड उभा आहे. पिठाच्या डब्यांना रबराचा वास येतो. हे रोज चहा घेताना त्याच्याकडे प्रेमाने बघतात आणि म्हणतात, "घेतलास ते बेस्ट केलंस. पण घेणं वेगळं आणि बसवणं वेगळं. दसऱ्याला बसवू, गाडीच्या पूजेला."

दसरा पितृपक्षानंतर येतो. पितृपक्षात खोपटचं पान आहे.

मी मेकॅनिकला निरोप धाडला आहे. उद्या दुपारी हे झोपले की तो गाडी घेऊन जाईल. टायर गल्लीच्या तोंडापर्यंत मी स्वतः घरंगळत नेणार आहे. समोरच्या बायका गॅलरीत येतील. येऊ देत. लिंबू मात्र मी आणणार नाही, ते ह्यांनी आपलं आपण आणावं.